पाच सिगार आणि सत्तरवरचा काटा

तीर्थरूप काकांना,

तुमच्या भिंगरीचा वाकून नमस्कार. (नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकलो आहे. कारण पुढे येईल, आणि ते वाचल्यावर तुम्हीही म्हणाल की अजून वाक.) तुमची प्रकृती कशी आहे? हाताची थरथर सकाळी जास्त असते की संध्याकाळी? काकूचा पाय जिना चढताना अजून दुखतो का? समोरचा न्हावी अजूनही गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासून त्याला तसाच खुर्चीत सोडून तुमच्याकडे गप्पा छाटायला येतो का? मी इकडे बरा आहे. 'मजेत आहे' असं मुद्दाम लिहिलं नाही. त्या दोन शब्दांबद्दल मला कबुली द्यायची आहे, पण ती इतक्यात नको. आधी थोडं इकडचं तिकडचं लिहितो, म्हणजे पेन गरम होईल.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. तुम्ही लिहिलंय की महिनाअखेर दुकान बंद करताय, काटा बसवताना हात हलतो, डबा घेऊन ये, वर्षाचं राहू दे. काका, तुमच्या तोंडून किंवा पेनातून 'राहू दे' हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. ज्या गजराच्या घड्याळाचा मालक अकरा वर्षांत फिरकला नाही, त्यालाही तुम्ही दर पावसाळ्यानंतर तेल देता. कोणी विचारलं तर म्हणता, माणूस येईल आणि घड्याळ बंद दिसेल, ते बरं दिसत नाही. आणि आता मला 'वर्षाचं राहू दे'. पत्र वाचून मी खाटेवर बसलो, मग उठलो, मग खाटेखालचा डबा ओढून काढला आणि पुन्हा खाली सारला. असं चार वेळा झालं. खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन विचारून गेली की तुमच्याकडे सामान हलवताहेत का. (ती बाई चांगली आहे, तिची मांजर मात्र माझ्या चपलेत झोपते. ते असो.)

डब्याची गोष्ट तुम्हाला नव्याने सांगायला नको, पण मला सगळं क्रमाने मांडल्याशिवाय माझी चूक नीट दिसत नाही, म्हणून मांडतो. मी जन्मलो तेव्हा बाबा बोटीवर होते, इंजिनखोलीत तेलपाणी बघत. बातमी कळली तेव्हा कुठल्याशा बंदरात त्यांनी पाच सिगार घेतले आणि लाकडी पेटीत घालून घरी आणले. पोरगा मार्गी लागला की दोघे भाऊ बसून ओढू, असं तुम्हाला म्हणाले. मग मी नऊ वर्षांचा असताना बाबा गेले, आणि मार्गी लागायचं काम माझ्या एकट्यावर पडलं, ज्यात मी किती पाण्यात आहे हे तुम्ही बघितलंच आहे. तुम्ही ती पेटी दुकानाच्या खालच्या खणात जपलीत. मी घर सोडून निघालो तेव्हा मोठी पेटी माझ्या पिशवीत मावेना, म्हणून तुम्ही प्लास्टिकचा प्रवासी डबा आणलात आणि चिमट्याने, घड्याळाचे भाग हलवावेत तसे, पाचही सिगार त्यात ठेवलेत. (रिकाम्या पेटीत काकूने त्याच दुपारी दोऱ्याची रिळं भरली. या घरात पहिल्यांदा एखाद्या वस्तूचा उपयोग झाला, असं म्हणाली.)

तुम्ही अट घातलीत ती अशी, की एका कामावर, एका खोलीत, सलग एक वर्ष काढ. मग ये. तीन सिगार पेटवू, एक तुझा, एक माझा, आणि एक नुसताच पेटवून बशीत ठेवू, बाबाचा. मी विचारलं, मग उरलेले दोन? तुम्ही डोळ्याचं भिंग न काढताच म्हणालात, "ते तुझ्या चुकांसाठी." मला तेव्हा राग आला होता. दोनच कशाला, असं आता वाटतं.

डबा मात्र देखणा होता. काळा, जेवणाच्या डब्याएवढा, दोन खटके, कडेला रबराची वळी, आत स्पंजच्या खाचा, झाकणाला आतून भोकाभोकांची चकती. चकतीत पाण्याचे थेंब सोडायचे, म्हणजे सिगार ओलसर राहतात. आणि झाकणात बसवलेली ती छोटी तबकडी, जिचा काटा आतला ओलावा दाखवतो. तुम्ही घड्याळाच्या पावतीमागे नियम लिहून दिलेत. दर पंधरा दिवसांनी झाकण उघडून आत हवा खेळू द्यायची. सिगार वरचे खाली, खालचे वर करायचे. चकतीत पाच थेंब, तेही बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याचे, नळाच्या नव्हेत. उष्णतेत ठेवायचा नाही, वासाच्या वस्तूंजवळ ठेवायचा नाही. काटा सत्तरवर हवा. आणि काटा किती आहे ते दर वेळी कार्डावर लिहून मला कळवायचं. शेवटच्या ओळीखाली तुम्ही दोन रेघा मारल्या होत्या. मला वाटलं, घड्याळवाला माणूस, आकड्यांचा नाद असतोच.

पहिली नोकरी हॉटेलच्या धुलाईखान्यात लागली. चादरींचे डोंगर, वाफ, आणि इस्त्रीमावशी. इस्त्रीमावशी म्हणजे तिथली सर्वांत जुनी बाई. तिला मुकादमही घाबरायचा, कारण तिच्या हातात कायम काहीतरी तापलेलं असायचं. मी डबा बॉयलरच्या मागच्या फळीवर ठेवला, कारण तीच एक फळी कोरडी आणि माझ्या ताब्यातली होती. 'उष्णतेत ठेवायचा नाही' हा नियम मला आठवत होता, पण मी म्हटलं, उष्णता म्हणजे ऊन असणार, बॉयलरला कोण ऊन म्हणेल. दर पंधरा दिवसांनी काटा बघायचो. सत्तर. कार्ड टाकायचो. तुमचं उत्तर यायचं, "छान." असे चार महिने गेले आणि एका रविवारी झाकण उघडलं तर एका सिगारला बारीक बारीक भोकं. बासरी म्हणून वाजवता आला असता. तंबाखूत म्हणे किड्याची अंडी निजलेलीच असतात, आणि ऊब मिळाली की ती उठतात. (माझं उलटं आहे. ऊब मिळाली की मी निजतो. मुकादमाने हे तीनदा पाहिलं.) मी घाबरून इस्त्रीमावशीकडे गेलो. ती म्हणाली, "एवढंच ना? आण इकडे. ढेकूण कसे मारतात माहीत आहे का तुला?" आणि मी काही म्हणायच्या आत तिने तो सिगार ओल्या फडक्यात गुंडाळून त्यावरून इस्त्री फिरवली. किडा मेला. सिगारही मेला. फडक्यावर मात्र त्याची तपकिरी छाप इतकी सुबक उठली की तिने ते फडकं बरेच दिवस टाकलं नाही.

ही झाली चूक पहिली. बाकीच्या चौघांना मी स्वयंपाक्याच्या सांगण्यावरून डब्यासकट पिशवीत बांधून तीन दिवस बर्फाच्या कपाटात ठेवलं आणि ते वाचले. पण काका, त्या कार्डावरही मी सत्तर लिहिलं. खोटं नव्हतं, काटा खरंच सत्तरवर होता. मला तेव्हा त्या काट्याचं कौतुक वाटलं. आत एवढा अनर्थ चाललाय आणि हा गडी जागचा हलत नाही. माणसाने असं असावं, असंही मनात आलं.

मी मात्र हललो. आठव्या महिन्यात एक ट्रकवाला भेटला, त्याला सोबत हवी होती, गाणी गाणारी. (मला दोनच येतात, पण ती मी बऱ्याच चालींत म्हणतो.) तुम्हाला कळवायचं कसं, हा प्रश्न पडला. चार महिने काढले असते तर वर्ष झालं असतं, आणि मी पळालो, हे लिहायला हात धजेना. म्हणून मी जे केलं ते आता लिहितो. पुढचा परिच्छेद उभं राहून वाचू नका, स्टुलावर बसा.

मी एका बैठकीत वीस कार्डं लिहिली. प्रत्येकावर तेच. 'मी मजेत आहे. काम चालू आहे. काटा सत्तरवर.' खाली सही. अक्षर सारखं वाटू नये म्हणून काही निळ्या शाईत, काही काळ्या, दोन तर डाव्या हाताने. ती इस्त्रीमावशीच्या हवाली केली आणि सांगितलं, दर पंधरा दिवसांनी एक टाक, आणि माझी पत्रं आली तर खणात ठेव. बाई वक्तशीर. एक दिवस मागेपुढे केला नाही तिने. मी ट्रकमध्ये, ट्रकनंतर एका वीटभट्टीवर, वीटभट्टीनंतर मेंढ्या मोजायच्या कामावर (मेंढ्या मोजताना झोप येते हे खरं आहे, ते काम त्यामुळेच गेलं), आणि तिकडे तुमच्या दारात दर पंधरा दिवसांनी मी मजेत होतो.

दहा महिन्यांनी धुलाईखान्यात परत डोकावलो, माझा एक सदरा राहिला होता तो न्यायला. इस्त्रीमावशीने सदऱ्याबरोबर तुमच्या पत्रांचा गठ्ठा दिला, इस्त्री करून. सगळ्यांवर 'छान' होतं, कार्डांच्या हिशेबाने वर्ष भरलं तेव्हाही. एक सोडून. त्या एकावर लिहिलं होतं की काकू जिन्यावरून पडली, पाय मोडला आहे, मी दुकान आणि दवाखाना दोन्ही करतो आहे, जमलं तर चार दिवस येऊन जा. त्याच्यावरची तारीख सहा महिन्यांपूर्वीची होती. काका, मी बोटांवर मोजून बघितलं. तुमच्या त्या पत्रानंतर आठ दिवसांनी तुम्हाला माझं कार्ड मिळालं असणार. मी मजेत आहे. काम चालू आहे. काटा सत्तरवर. आणि त्यावर तुमचं उत्तर त्याच गठ्ठ्यात होतं. "छान."

इस्त्रीमावशीने विचारलं, "काय रे, कुणी गेलं का?" मी म्हटलं, नाही, कुणी गेलं नाही, कुणी यायला हवं होतं ते आलं नाही. ती म्हणाली, "मग तोंड धुऊन घे. आणि जा आता तरी." मी तोंड धुतलं. गेलो नाही. एवढं सगळं झाल्यावर कोणत्या तोंडाने यायचं, असा विचार करत मी विरुद्ध दिशेची गाडी पकडली. त्यानंतरची कार्डं मात्र मी स्वतः लिहिली, एकेक, त्या त्या दिवशी. पण काकूच्या पायाचं एकाही कार्डात विचारलं नाही, तुम्हीही काढलं नाहीत, आणि आज या पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात मी तो प्रश्न असा सहज टाकून दिलाय, जसा काही मी नेहमी विचारत असतो. तो तसा नाही. तो लिहायला मला अडीच वर्षं लागली.

दुसरी चूक साबणाच्या गोदामात झाली. ती सांगायला सोपी आहे, कारण तिच्यात कुणाचा पाय मोडत नाही. तिथे मी खोकी भरायचो, गुलाबाच्या वासाचा साबण, दिवसाला इतका की संध्याकाळी रस्त्याने चाललो की कुत्री शिंकायची. डबा हवाबंद आहे, वास आत कसा जाईल, असं म्हणून मी तो साबणाच्याच खोक्यात ठेवला. जेव्हा बंद तेव्हा हवाबंद, हे बरोबर. पण दर पंधरा दिवसांनी मी नियमाप्रमाणे झाकण उघडून हवा खेळू द्यायचो. हवा खेळली, गुलाबाशी खेळली. आठ-नऊ महिन्यांनी चारही सिगारांना न्हाणीघराचा वास यायला लागला. वास उडावा म्हणून मी त्यातला एक नमुन्यादाखल खिडकीत ठेवला, दुपारभर. संध्याकाळी त्याचं वरचं पान जुन्या भिंतीच्या रंगासारखं पोपडे धरून निघालं आणि बोट लावताच तो मधोमध उकलला. दोन्ही चुका संपल्या. आता उरलेले तीन म्हणजे तुमचा, माझा आणि बाबांचा. काटा? सत्तर.

त्यानंतर मी सुधारलो, असं म्हणायला हरकत नाही. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे कामाला लागलो. भाजीवाल्यांचे, सोनारांचे, पोस्टातले, सगळे काटे आमच्याकडे येतात. पहिल्या आठवड्यात वाटलं होतं, पंधरा दिवस काढू. पण एक सांगतो, बिघडलेला काटा बाकावर घेतला, दांडी पुसली, टेकू घासून धार लावली आणि पारडी रिकामी असताना काटा मधोमध येऊन थांबला, की मला पळावंसं वाटत नाही. का ते माहीत नाही. आमचा म्हातारा चिमटा धरायला शिकवताना म्हणाला, तुझा हात तयार आहे रे, आधी कुठे होतास? मी म्हटलं, लहानपणी एका घड्याळाच्या दुकानात दुसऱ्या स्टुलावर बसायचो. इथे मला अकरा महिने आणि आठ दिवस झाले. खोली तीच. मांजर तीच. वर्षाला अजून तेवीस दिवस कमी आहेत.

आणि आता तिसरी चूक, जिच्यासाठी डब्यात सिगार शिल्लक नव्हता. वर्ष भरत आलं तसा मी धसकलो. रोज डबा ओढून काटा बघायचो. एक सिगार सुकून मेला होता, म्हणून पाणी कमी पडू नये असं वाटायचं. पाच थेंबांचे सात केले, सातांचे पंधरा. शेवटी शेवटी थेंब मोजायचंही सोडलं, चकती पाण्यातच बुडवून काढायचो. इतकं पाणी देऊनही काटा सत्तरच्या पुढे जाईना, मग मी निर्धास्त. तुमचं पत्र आलं त्या मंगळवारी पाचव्यांदा डबा ओढला आणि झाकण काढलं. तिघांच्याही अंगावर पांढरी लव. म्हातारपणी माणसाच्या कानावर येते तशी.

आमच्या म्हाताऱ्याने मला एका तंबाखूच्या दुकानात पाठवलं. दुकानदार वाळका, भिवया झुडपासारख्या, बोलताना डोळे मिटणारा. त्याने डबा उघडला, वास घेतला, डोळे मिटले आणि विचारलं, "हे कुणी अंघोळीला नेले होते का?" मी गोदामाची हकिकत सांगितली. मग त्याने विचारलं, या डब्यात किती दिवस? मी म्हटलं, चार वर्षं. त्याने डोळे उघडले. म्हणाला, "हा प्रवासाचा डबा आहे, बाळा. चार दिवस, फार तर आठ. लाकूड ओलावा पिऊन घेतं, लागला की परत देतं. प्लास्टिक काहीच करत नाही, जे होईल ते आतल्याने सोसायचं. धर्मशाळेत कुणी संसार मांडतं का?" त्याला माझी भटकंती ठाऊक नव्हती, डब्याचंच बोलत होता तो. पण माझे कान गरम झाले.

मग त्याने मऊ ब्रशाने ती लव झाडली. दोघांची वरवरची होती, निघाली. तिसऱ्याच्या पायथ्याशी ती आतपर्यंत गेली होती. तो त्याने बाजूला ठेवला आणि म्हणाला, याला आता पेटवू नये. उरलेल्या दोघांखाली त्याने देवदाराची एक पट्टी घालून दिली आणि म्हणाला, आता पाणी देऊ नकोस, हात लावू नकोस, सरळ ज्याचे आहेत त्याच्याकडे घेऊन जा. जाता जाता त्याने झाकणातल्या तबकडीवर नखाने टिचकी मारली, तिच्याकडे बघत राहिला, आणि हे कुणी दिलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, काकांनी. काय करतात? घड्याळं. "हं," म्हणाला. त्या 'हं'बद्दल खाली ताजा कलममध्ये लिहितो, इथे लिहिलं तर पत्राचा तोल जाईल.

तर काका, पाचातले दोन घेऊन येतो आहे. एक तुमचा, एक बशीतला. माझा गेला, आणि ते रास्तच आहे, अट पुरी कुठे झाली माझी? मी नुसता शेजारी बसेन, काडी लावायला. चवीला थोडा साबण येईल. बाबांना चालेल, इंजिनखोलीतून वर आल्यावर ते साबणाशिवाय कशालाच हात लावायचे नाहीत, असं तुम्हीच सांगायचात. काकूची माफी पत्रातून मागता येत नाही, ती समोर मागतो. तिला फक्त एवढंच सांगा की मी येतोय, आणि जिन्यावर तिला पुढे जाऊ देऊन मी मागून चढेन.

कळावे, किंवा कळलं नाही तरी चालेल, पण रागवावे.

तुमचाच,
भिंगरी

ता. क. : आता तो 'हं'. दुकानदाराने परवानगी विचारून तबकडीची काच काढली आणि चिमट्याने काट्याला धक्का दिला. काटा हलला नाही. टोकाखाली डिंकाचा एक थेंब होता, मोहरीच्या निम्मा, इतका सफाईदार की चार वर्षं मला दिसला नाही. दुकानदार म्हणाला, या स्वस्तातल्या तबकड्या तशाही काहीच्या काहीच दाखवतात, पण हे काम घड्याळजीचं आहे. म्हणजे काका, तुम्ही तो सत्तरवर चिकटवूनच माझ्या हातात दिला होता. बॉयलरमागे सत्तर, बर्फात सत्तर, गुलाबात सत्तर. मी दुकानाबाहेर पायरीवर बसून आधी चिडलो. मग आठवलं की आकडा तुम्हाला ठाऊकच होता, तरी कार्ड मात्र दर पंधरा दिवसांनी हवं होतं. दोन रेघा मारून. आणि मी वीस कार्डं एका बैठकीत लिहिली. तुम्ही डिंक लावलात तो एक थेंब. माझा हिशेब फार मोठा होतो, तो मी करत नाही.

ता. क. २ : हे गाडीत लिहितोय, अक्षर गाडीचं आहे. खरं म्हणजे पत्र लिहायला घेतलं ते हे विचारायला, आणि विचारायचं तेवढं राहून गेलं. तुमचं दुसरं स्टूल अजून आहे ना? त्याचा एक पाय आखूड होता, खाली मी पुठ्ठा लावायचो. तुमचा हात हलतो, माझा हलत नाही, हे आमच्या म्हाताऱ्याने तपासून सांगितलंय. माझे पाय हलतात, पण घड्याळाला पायाचं काम नसतं. म्हाताऱ्याला विचारून आलो आहे. उरलेले तेवीस दिवस मी त्याच्याकडे परत जाऊन भरतो, मग पिशवी घेऊन येतो. वर्ष पुरं करूनच येतो. महिनाअखेर भिंग आणि चिमटे कुणाला देऊन टाकू नका.

ता. क. ३ : पत्र टपालात टाकलंच नाही. मी तुमच्या समोर, न्हाव्याच्या खुर्चीत बसलो आहे. काचेतून तुम्ही दिसताय. त्या अकरा वर्षांच्या गजराच्या घड्याळाला तेल देताय आणि हात खरंच हलतोय. सरळ आत यायचं होतं, पण तुमच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत आलो, तिसऱ्यांदा न्हाव्याने पकडलं आणि म्हणाला, "अरे, हे थोबाड घेऊन काकासमोर जाणार?" तो आता माझ्या गालाला साबण लावतोय. लावून झाला की सवयीप्रमाणे तुमच्याकडे येईलच, तेव्हा हे पत्र त्याच्याच हाती देतो. बाबा बोटीवरून आले की तुम्ही भर दुपारी दारावरची पाटी उलटी करायचात, 'बंद' बाहेर, आणि दोघे आत बसायचात. पत्र सगळं वाचून झाल्यावरही मी आत यावं असं वाटलं, तर पाटी उलटी करा. कायमचं बंद करू नका, आजच्या दुपारपुरतं करा.

ता. क. ४ : पाटी उलटी करणार असाल तर न्हाव्याला आधी परत पाठवा. साबण वाळायला लागला आहे, आणि तो गुलाबाचा आहे.